न जुळणारी बेरीज आणि नवा कॉम्प्युटर

आमच्या घरात नवा कॉम्प्युटर आला तो २०२३ च्या जून महिन्यात, पावसाच्या पहिल्या सरींबरोबर. आला म्हणण्यापेक्षा जमला म्हणावे. कारण तो तयार डबा म्हणून दुकानातून उचलून आणलेला नव्हता. सुटे भाग आणून आमच्या धाकटीने तो घरी, जेवायच्या जागेवर चटई अंथरून, स्वतःच्या हाताने जोडला.

धाकटी सिव्हिलचा डिप्लोमा झालेली. एका आर्किटेक्टबाईंकडे दोन वर्षे नोकरी करून तिने घरूनच कामे घ्यायचे ठरवले होते. घर बांधून होण्याआधी ते आतून कसे दिसेल, याची चालती चित्रे ती करून देते. दारातून आत शिरल्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आपण चालत गेलो असे वाटावे, इतके खरे. या कामाला साधा कॉम्प्युटर पुरत नाही. भागांची यादी तिने महिनाभर आधी केली होती आणि पैसे माझे होते. हिशेब खात्यात एकतीस वर्षे कारकुनी करून निवृत्त झाले, तेव्हा पतपेढीत ठेवलेली ठेव होती, तिच्यातले ७४,००० रुपये.

खरेदीला दोघी गेलो. अंबरनाथहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. तीन दुकाने हिंडून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, असे सगळे घेतले. शेवटचा दुकानदार मला म्हणाला, “ताई, पाचशे रुपयांत जोडून देतो. घरी कशाला त्रास?” धाकटीने सांगितले, “मीच जोडणार आहे.” त्याने पुन्हा माझ्याकडेच पाहिले. पोरीला समजवा, असे ते पाहणे होते. मीही काही वेगळी नव्हते. गाडीत बसल्यावर मी म्हणाले, “पाचशेच तर रुपये होते गं.” ती म्हणाली, “आई, आज मी जोडलं नाही, तर उद्या बिघडल्यावर उघडणार कोण?”

उघडण्याची वेळ तिसऱ्याच दिवशी आली.

दुपारी काम चालू असताना पडदा एकाएकी निळा झाला, वर इंग्रजीत चार ओळी आल्या आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झाले. तिने मनावर घेतले नाही. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तर निळे-बिळे काही नाही. पंखे, दिवे, पडदा, सगळे एका क्षणात गप्प. रात्री तिने चाळीस सेकंदांची एक चित्रफीत करायला लावली होती. सकाळी पाहते तो मशीन नव्याने सुरू होऊन शांतपणे उभे, आणि चित्रफितीची फाईल अर्धवट, उघडतच नाही.

या कामाचा हिशेब सांगते, म्हणजे तिचे काय होत होते ते कळेल. एका सेकंदाला चोवीस चित्रे. चाळीस सेकंदांना ९६०. एका चित्राला दीड मिनिट. म्हणजे बरोबर चोवीस तास मशीन न थांबता चालले पाहिजे. आमचे तर चार तास धड चालत नव्हते. पहिलेच स्वतंत्र काम, आणि ते दोन आठवड्यांत द्यायचे कबूल केलेले.

घरात बिघाड झाला की जसे होते तसेच झाले. प्रत्येकाने निदान सांगितले. थोरल्याने पुण्याहून फोनवर सांगितले, “विंडोज पुन्हा टाक.” तिने टाकले. एक दिवस बरे चालले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवे. तिच्या मैत्रिणीने सांगितले, ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर बदल. बदलला. कोणी म्हणाले, तापत असेल. प्रोसेसरचे तापमान पाहिले, तर भर कामातही सत्तर अंशांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या बरेच खाली. ती प्रत्येक सूचना करून पाहत होती. कधी एका वेळी तीन-तीन गोष्टी बदलत होती. त्यामुळे मशीन एक दिवस नीट चालले, तरी ते कशामुळे चालले हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळे वायरिंग तपासले, अर्थिंग पाहिले, आणि घरची वीज निर्दोष असल्याचा निकाल दिला. कॉम्प्युटरला जोडलेला यूपीएस आधीच्या जुन्या मशीनचा होता. त्याची बॅटरी ह्यांनी स्वतः बदललेली. “साठचा बल्ब लावून बघितलाय मी. अर्धा तास चालतो,” हे त्यांचे म्हणणे, आणि त्यावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

दुकानदाराला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, “घरी जोडलाय ना?” आणि उत्तरही त्यानेच दिले. “मग प्रोसेसरच्या पिना वाकवल्या असतील. त्याला वॉरंटी नाही.” जोडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवला आहे, पिना सरळ आहेत, हे ती सांगत राहिली. त्याने फोटो पाठवा असेही म्हटले नाही.

त्या रात्री मीही बोलले. बोलायला नको होते, पण ठेव मोडल्याचे मनात टोचत होते. म्हणाले, “तरी सांगत होते, दुकानात जोडून घे म्हणून.” ती काही बोलली नाही. उठून दिवा मालवला आणि अंधारात त्या बंद मशीनसमोर बसून राहिली. परक्या दुकानदाराने जे म्हटले तेच मी घरात बसून म्हटले, हे माझ्या लक्षात यायला मध्यरात्र झाली.

सकाळी मी बाजारातून शंभर पानी वही आणली. मला कॉम्प्युटरमधले काही कळत नाही, पण नोंद करता येते. वहीत रकाने आखले: तारीख, वेळ, कोणते काम चालू होते, निळा पडदा आला की नाही, आला तर वर काय लिहिले होते, आणि शेवटचा रकाना, त्या वेळी घरात काय चालले होते. शेवटचा रकाना पाहून बापलेक दोघेही हसले. मी म्हटले, हसा, पण मशीन बंद पडले की आधी मला हाक मारा.

निळा पडदा वाचायच्या आत मशीन पुन्हा सुरू होत असे. त्यावर तिने उपाय काढला. विंडोजमध्ये ‘आपोआप पुन्हा सुरू हो’ अशी एक खूण असते. ती काढून टाकली की पडदा तसाच थांबतो आणि उतरवून घेता येतो. विंडोजची स्वतःची एक नोंदवहीही असते, इव्हेंट व्ह्यूअर नावाची. तिच्यात प्रत्येक वेळी ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद सापडे. आधी ‘पॉवर’ शब्द पाहून सगळे विजेच्या मागे लागले होते. पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. का, ते ती सांगत नाही. आमच्या हजेरीपटात ‘गैरहजर’ लिहिलेले असे, तसेच. माणूस आजारी होता की लग्नाला गेला होता, ते पटावरून कळत नाही.

नऊ दिवसांत अकरा नोंदी झाल्या. दहाव्या दिवशी दुपारी जेवण आटोपून मी वही घेऊन बसले, आणि मला आमच्या खात्यातली एक जुनी गोष्ट आठवली.

जमाखर्च जुळत नसेल तर आम्ही आधी फरक पाहायचो. फरकाला नऊने भाग जात असेल, तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडले असण्याचा संभव मोठा. ५,४६० चे ५,६४० झाले की फरक १८० येतो आणि त्याला नऊने भाग जातो. अशी चूक दहा मिनिटांत सापडे. पण त्याच पानावर कोणी ५० रुपयांची दुसरी चूक केली असेल, तर फरक होतो २३०, आणि नऊचा नियम फुकट जातो. त्याहून वाईट पुढेच असते. दमलेल्या कारकुनाला पहिली चूक सापडते, तो ती दुरुस्त करतो, पुन्हा बेरीज मारतो, तरी जुळत नाही. मग त्याला वाटते, आपली दुरुस्तीच चुकली. आणि तो बरोबर केलेला आकडा खोडून पुन्हा चुकीचा लिहून ठेवतो. मी स्वतः हे केलेले आहे. मार्चअखेरच्या एका रात्री आम्ही तिघे यापायी पहाटेपर्यंत बसलो होतो.

वहीतल्या अकरा नोंदी मी दोन ढिगांत मांडल्या. सातमध्ये निळा पडदा होता. चारमध्ये काहीच नाही, एकदम अंधार. त्या चारही नोंदींचा शेवटचा रकाना वाचला: “ट्यूब लवली”, “पंखा मंदावून पुन्हा सुरू”, “शेजारीही लाइट गेल्यासारखी झाली, आली”, “पाऊस, ट्यूब दोनदा लवली”. निळ्या पडद्याच्या सातही नोंदींत तिथे विजेचे नावसुद्धा नव्हते. “कुकरची शिट्टी”, “हे झोपलेले”, असलेच काहीतरी.

मी धाकटीला हाक मारली. म्हटले, “हे एक दुखणं नाही. दोन आहेत.”

ती वही हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिली. मग तिने मागची पाने उलटली आणि डोक्यालाच हात लावला. चौथ्या दिवशी आम्ही यूपीएस काढून मशीन सरळ भिंतीच्या सॉकेटला लावले होते. संध्याकाळी निळा पडदा आला. लगेच हे म्हणाले, “बघा, यूपीएसचा दोष नाही,” आणि यूपीएस पुन्हा जोडला गेला. सातव्या दिवशी तिने रॅमची एक पट्टी काढून पाहिली. त्याच संध्याकाळी पाऊस पडला, ट्यूब लवली आणि मशीन एकदम बंद. झाले, रॅमही निर्दोष ठरली आणि पट्टी पुन्हा जागेवर गेली. दोन गुन्हेगार होते. एकाला कोठडीत घातले की दुसरा चोरी करी आणि पहिला सुटे.

त्या दिवसापासून तिने एका वेळी एकच गोष्ट बदलायचे ठरवले, आणि दुखणी वेगवेगळी तपासायचे.

आधी यूपीएस. ह्यांच्याशी बोलायचे काम माझ्यावर आले. मी नुसती वही पुढे ठेवली. त्यांनी चारही ओळी वाचल्या. काही न बोलता माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली, तिच्यातून जुने शंभर वॅटचे तीन बल्ब काढले, एका फळीवर होल्डर बसवून तिन्ही जोडले आणि यूपीएसला लावून भिंतीतली पिन उपसली. यूपीएस एकदा ‘टीं’ करून जागच्या जागी बंद पडला. पुन्हा केले, पुन्हा तेच. मग ते चष्मा लावून यूपीएसच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचू लागले. पुढे मोठ्या अक्षरांत ६०० व्हीए. मागे ३६० वॅट. तेवढेही त्या म्हाताऱ्याला आता पेलत नव्हते. नवे मशीन भर कामात तीनशेच्या घरात वीज ओढते. शिवाय जुन्या स्वस्त यूपीएसमधून बॅटरीवर येणारी वीज भिंतीतल्या विजेसारखी गोल लाटेची नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते, आणि हल्लीचे काही एसएमपीएस त्या विजेशी नीट जमवून घेत नाहीत. एरवी दिवा लवण्याएवढी बारीक खोट, सेकंदाच्या साठाव्या हिश्शाएवढी, चांगला एसएमपीएस स्वतःच पोटात घालतो. पण आमचा यूपीएस तेवढ्यात मध्ये धावून जाई, बॅटरीवर घेई, आणि भार पाहून माघार घेई. राखणदार म्हणून ठेवला तोच दार आपटत होता.

“साठच्या बल्बवर तपासायला नको होतं,” एवढे ते म्हणाले. आमच्या ह्यांच्याकडून एवढे आले म्हणजे पुष्कळ झाले.

मशीन सरळ भिंतीला लावले. एकदम अंधार होणे त्या दिवसापासून थांबले. निळा पडदा मात्र येतच होता, पण आता कोणी घाबरले नाही. निळा रंग आमच्या घरात एरवी उत्साहाचा, आनंदाचा. या पडद्याने महिनाभर त्याचीही धास्ती घेतली होती, तेवढे मात्र खरे.

त्या सात नोंदींत पडद्यावरचे शब्द दर वेळी निराळे होते. एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा आणखी तिसरेच. आधी यामुळेच गोंधळ होई. धाकटीने वाचून काढले, की तक्रार दर वेळी बदलत असेल तर आधी रॅमवर संशय घ्यावा. रॅम म्हणजे मशीनचे हातातले टिपण. टिपणच चुकीचे उतरले, तर ज्या खात्यात ते जाईल तिथे गोंधळ होणार, मग तक्रार कधी या खात्याची तर कधी त्या. आणि हलक्या कामात मशीन का बंद पडत नाही, तेही त्यातच. आठ जीबीच्या एका पट्टीत शून्य किंवा एक साठवणारी सुमारे ६,८७० कोटी घरे असतात. त्यातले एखादे पोकळ असले, तरी काम तिथपर्यंत पोचेपर्यंत कळत नाही. फरशी पोकळ असावी, पण त्या कोपऱ्यात कोणाचा पायच पडू नये, तसे.

मेमटेस्ट नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो पेन ड्राइव्हवर घालून मशीन त्याच्यावरून सुरू करायचे. विंडोज मध्ये येतच नाही. तो प्रत्येक घरात काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि जुळते का पाहतो. म्हणजे आमचीच फेरतपासणी. रात्री तो लावून आम्ही झोपलो. सकाळी पडदाभर लाल ओळी. एकही लाल ओळ आली तरी नापास, असा त्याचा नियम. इथे तर रांग लागली होती.

मला वाटले, झाले, पट्टी सापडली. पण धाकटी आता सावध झाली होती. रॅमला तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त पळवणारी एक सोय मदरबोर्डमध्ये असते, ती तिने सुरू केलेली होती. दोष पट्टीचा की पळवण्याचा? सोय बंद करून पुन्हा तपासले. लाल ओळी कमी झाल्या, संपल्या नाहीत. मग एक पट्टी काढून एकच तपासली. पास. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत घालून तपासली. तिथेही पास, म्हणजे मदरबोर्डच्या खाचा चांगल्या. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत, नापास. दुसऱ्या खाचेत, तिथेही नापास. या सगळ्याला दोन दिवस आणि दोन रात्री लागल्या. शेवटची लाल ओळ आली तेव्हा ती इतकी मोठ्याने हसली, की शेजारच्या काकू काय झाले म्हणून पाहायला आल्या.

पट्टी मुळातच सदोष निघाली होती. जोडणारीच्या हातात काही खोट नव्हती.

काम द्यायला चार दिवस राहिले होते. एका चांगल्या पट्टीवर, म्हणजे निम्म्या रॅमवर भागवायचे होते. चित्रात खिडकीबाहेर तिने झाडे लावली होती, ती कमी केली तेव्हा मावले. या वेळी एकच चित्रफीत न करता तिने ९६० चित्रे सुटी-सुटी साठवायला लावली, मग मध्ये मशीन पडले तरी झालेली चित्रे हातची जात नाहीत. शनिवारी सकाळी सात वाजता सुरू केले. रात्री मी दोनदा उठून पाहिले. दोन्ही वेळा हे तिथे आधीच उभे होते. रविवारी सकाळी नळाला पाणी आले, मी भांडी भरत होते, आणि आतून आवाज आला, “आई, नऊशे साठ!”

नंतर दोन्ही पट्ट्या कंपनीच्या सेवा केंद्रात दिल्या. जोडीने विकलेल्या म्हणून त्यांनी जोडीनेच परत मागितल्या. मेमटेस्टच्या पडद्याचे फोटो आणि खाचांचा सगळा तपशील तिने कागदावर लिहून नेला होता. तिथल्या मुलाने तो वाचला आणि पिनांबद्दल काही विचारले नाही. एकोणीस दिवसांनी बदलून मिळाल्या. त्या आल्यावरही तिने आधी रात्रभर मेमटेस्ट चालवला, मगच विंडोज. यूपीएस नवा घेतला, जास्त ताकदीचा आणि गोल लाटेचा. तो निवडताना हे वॅटचा आकडा स्वतः वाचून आले. जुना यूपीएस टाकलेला नाही. तो वायफायच्या डबीला वीज देतो आणि ते काम उत्तम करतो.

त्या रात्रीच्या माझ्या बोलण्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. वही मात्र तिने मागून घेतली. वरच्या कोऱ्या पट्टीवर तिने माझ्या जुन्या खात्याचे नाव लिहिले आहे, ‘हिशेब विभाग’.

आता आसपासची मुले आपली मशीने घेऊन तिच्याकडे येतात. तिचा पहिला प्रश्न असे, “काळा की निळा?” २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधला तो निळा पडदाच काळा करून टाकला, त्यामुळे प्रश्न बदलावा लागला. परवा एक मुलगा दारात उभा राहून सांगत होता, घरी जोडलेला आहे, सारखा बंद पडतो, दुकानवाला म्हणतो तुझ्याच हाताने बिघडला. तिने त्याला आत बसवले, वही उघडली आणि विचारले, “पडद्यावर अक्षरं येतात, की नुसतंच बंद होतं? आणि त्या वेळी घरात काय चाललेलं असतं?”

शेवटचा प्रश्न ऐकून तो हसला. मी आत चहा ठेवला.